काही विसरलं नाही ना?

या, बसा. त्या टाकीला टेकू नका, ती गळते. आणि मोबाइल खिशात ठेवा. गोष्ट ऐकायची तर नीट ऐका, नाहीतर खाली जाऊन झोपा. तुमच्या मामाला काही आग्रह करायची हौस नाही. भुताची आहे का, असं विचाराल तर मला धड सांगता यायचं नाही. हिच्यात उलट्या पावलांची बाई नाही की झाडावर लटकणारं काही नाही. हिच्यातली माणसं तर इतकी चांगली आहेत की तुम्ही उद्याच पत्ता मागाल. मी देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या दुकानाला लागून मिस्त्रीचं दुकान होतं, आठवतंय? शिलाई मशीन दुरुस्तीचं. लहानपणी त्याच्याकडच्या रिकाम्या रिळांसाठी तुम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात. त्याची ही गोष्ट. मशीन बिघडलं की बाकीचे कारागीर आधी ते खोलतात. हा आधी ऐकायचा. लांब पेचकसाचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. आत जे काही खटकत असेल ते लोखंडातून चढून थेट कानात येतं. खोटं वाटत असेल तर उद्या पाण्याच्या पंपाला लावून बघा.

यावरून त्याची बायको त्याला चिडवायची. ती त्याला नावानं हाक मारायची नाही आणि कधी 'अहो' पण म्हणायची नाही. 'कानसेन' म्हणायची. "कानसेन, मशीनचं सगळं ऐकता, माझं कधी ऐकणार?" हे नाव घरातल्या तिघांना सोडून कुणाला माहीत नव्हतं. भिंतीला भिंत असून मलाही नाही. मला ते पुष्कळ नंतर त्याच्या लेकीनं सांगितलं.

ती बाई ऑगस्टमध्ये गेली. रात्रीत गेली, छातीत काही झालं. शेजारच्या खोलीत लेक अर्धवट जागी होती. तिनं आईची हाक ऐकली होती. "कानसेन… कानसेन, उठा ना." लेकीला वाटलं, बाबा घोरत असतील म्हणून आई उठवतेय. कूस बदलून ती झोपली. आणि ज्याला गल्लीच्या टोकाला मशीनचा पट्टा सैल झालेला कळायचा, तो मिस्त्री तिच्याशेजारी ढाराढूर झोपलेला. सकाळी जागा झाला तेव्हा सगळं संपलेलं होतं. पुढे दहा-पंधरा दिवसांनी लेकीनं रडत रडत त्या हाकेचं सांगून टाकलं. तिनं सांगायला नको होतं, पण पोरगी ती, किती दिवस पोटात ठेवणार?

त्या दिवसापासून मिस्त्रीची झोप गेली. रडला नाही. कुणावर चिडला नाही. दुकान उघडायचा, काम करायचा, जेवायला बसवलं की जेवायचा. रात्री मात्र उशाला पेचकस घेऊन टक्क जागा. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाला, "एकदा ती हाक ऐकायचीय रे. एकदाच. मग झोपतो." मी चहा मागवला.

मार्चमध्ये त्याला बाहेरगावचं काम आलं. एका खेड्याजवळ गणवेश शिवायचा कारखाना होता, तिथली निम्मी मशीनं अडून बसली होती. चार दिवसांचं काम. लेक म्हणाली, "जा बाबा, तेवढाच हवापालट." मिस्त्रीला हवेचं काही पडलेलं नव्हतं, पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तो गेला.

कारखान्याच्या माणसानं त्याची सोय जवळच्या एका घरात केली. नवरा-बायकोनं मिळून चालवलेलं घर ते. पुढे लांबलचक व्हरांडा, मागे फळझाडं, मध्ये ओळीनं पाहुण्यांच्या खोल्या. मालक दिवसभर बागेत वाकलेला असायचा, आणि मालकीणबाई म्हणजे हसतमुख, जाडजूड, बोलायला गोड बाई. चादरी उन्हात वाळवलेल्या, साबणाचा वास येणाऱ्या. रस्ता लांब, गाड्यांचा आवाज नाही. घरातलं मांजरसुद्धा सकाळी जिथे झोपलेलं दिसे तिथेच संध्याकाळी.

"दमलेले दिसता," मालकीणबाई पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या.

"झोप लागत नाही मला."

"इथे लागेल. इथे सगळ्यांना लागते."

व्हरांड्यात आणखी एक पाहुणी बसली होती. तरुण बाई, डोळे रडून सुजलेले, मांडीवर लहान मुलाचा एक निळा स्वेटर. ती तो सारखी घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. मिस्त्रीला सगळं कळलं. विचारलं काही नाही. आपल्या खोलीत जाऊन आडवा झाला, आणि काय सांगू, उशीला डोकं टेकलं न टेकलं तोच झोपला. सात महिन्यांनी.

सकाळी उठला तेव्हा अंग कसं हलकं. बाहेर आला तर ती तरुण बाई निघाली होती. केस नीट विंचरलेले, काहीतरी गुणगुणत. पायरीशी मालकीणबाई उभ्या.

"काही विसरलं नाही ना?"

"नाही, नाही," ती हसून म्हणाली आणि गेली.

निळा स्वेटर व्हरांड्यातल्या खुर्चीवर तसाच होता. मिस्त्रीनं तो उचलला. "अहो ताई, त्यांचं हे राहिलं. धावत गेलो तर गाठतो."

मालकीणबाईंनी शांतपणे स्वेटर त्याच्या हातातून घेतला. "विचारलं ना मी. नाही म्हणाल्या." मग त्या त्याच्या खोलीला लागून असलेल्या शेवटच्या खोलीकडे गेल्या, कुलूप काढलं. "या, बघा हवं तर. पाहुण्यांचं विसरलेलं सगळं इथे ठेवतो आम्ही. टाकवत नाही हो. परत आले मागायला, तर?"

आत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. छत्र्या, चष्मे, कंगवे, एक कवळी, कुणाची तरी एक चप्पल, खेळण्यातली मोटार. सगळं पुसून-झटकून ठेवलेलं. काही फळ्या रिकाम्या होत्या, पण त्याही पुसलेल्या, आणि त्यांच्याही पुढ्यातून मालकीणबाई जपून, पदर सावरून गेल्या. मिस्त्रीला ते जरा विचित्र वाटलं.

"येतात का परत मागायला?"

"ज्याचं त्यानंच न्यायचं, असा नियम आहे आमचा. दुसऱ्याच्या हाती देत नाही." त्यांनी दाराला कुलूप घातलं. "पण कुणी येत नाही. विसरलोय हेच विसरतात ना!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या.

दिवसा कारखान्यात काम, संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची, रात्री दगडासारखी झोप. छान चाललं होतं. मिस्त्री मला म्हणाला होता, "आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. म्हणजे… बरं असं नाही. काहीच वाटत नव्हतं." डॉक्टरनं सुई देऊन दात काढल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण आपला नसतो. तसं.

आता नीट ऐका.

मार्चमधला दुसरा गुरुवार. शेवटची रात्र. जेवण झाल्यावर लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, आज आईचा वाढदिवस."

"हो का?" मिस्त्री म्हणाला.

 मग लेक म्हणाली, "झोपा बाबा," आणि फोन बंद.

हातात फोन घेऊन तो पलंगावर बसला. 'हो का' असं आपण का म्हणालो? त्यानं बायकोला आठवून पाहिलं. साडी आठवली. भांडी विसळणारे हात आठवले. चेहरा… जरा पुसट, पण आला. आवाज आठवेना. ती काय बोलायची, कशी बोलायची… काही नाही. कुणीतरी आवाज काढून नेल्यासारखा. याची भीती वाटायला हवी, एवढं त्याला कळत होतं. पण भीती वाटत नव्हती. दिवा मालवून तो झोपला.

पावणेतीनला जाग आली.

खट्… खट्… खट्…

मिस्त्रीचा कान तो. झोपेतही त्यानं ओळखलं, आवाज बाहेरून नाही. भिंतीतून आहे. शेवटच्या खोलीच्या भिंतीतून.

तो उठला. पिशवीतून पेचकस काढला. टोक भिंतीला टेकवलं. मूठ कानाशी लावली. डोळे मिटले.

आधी नुसती घरघर. मग…

"आई, पाणी."

लहान मुलाचा आवाज. अगदी जवळ.

"आई… पाणी दे ना."

त्याच्यामागून एक म्हातारा खोकला. कुणीतरी हसलं. कुणीतरी पाढे म्हणत होतं. एक पुरुष नुसतं "चल, चल, चल" म्हणत होता, मुलाला चालायला शिकवावं तसं. आणि बायका… किती बायकांचे आवाज. हाका मारणारे.

कुणी उत्तर देत नव्हतं.

मिस्त्री भिंतीशी तसाच उभा. पाय गार पडलेले. छातीत अजूनही काही नाही. पण डोकं तर चालत होतं ना त्याचं? निळा स्वेटर. "आई, पाणी." ती हसत निघून गेलेली बाई. त्यानं दोन आणि दोन चार केले. मग माझंही इथेच आहे, तो मनात म्हणाला. माझी हाक इथे आहे.

पहाटेपर्यंत तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. झोपला नाही. झोपायचं नाही, एवढंच धरून बसला.

फटफटायच्या आत बस होती. तो पिशवी घेऊन पायरीशी आला. मालकीणबाई कंदिलासारखा छोटा दिवा घेऊन उभ्याच होत्या. मालक मागे, खुरपं हातात.

"काही विसरलं नाही ना?"

मिस्त्री मला सांगायचा, "जिभेवर 'नाही' आलं होतं रे. इतकं सोपं होतं. 'नाही' म्हणायचं, बस पकडायची. आयुष्यभर झोपायचं."

तो म्हणाला, "विसरलंय."

मालकीणबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मालकानं खुरपं खाली ठेवलं. कुणी रागावलं नाही. उलट त्या बाईंच्या डोळ्यांत पाणीच आल्यासारखं झालं.

"असं कुणी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी किल्ली पुढे केली. "आत दिवा चालत नाही. तुमचं तुम्ही ओळखा. एकच घ्या."

दार उघडलं. काळोख.

बाहेरून काही ऐकू येत नव्हतं. नुसत्या कानाला ती खोली मुकी होती. मिस्त्रीनं पेचकस पुढे केला. पहिल्या फळीला टेकवला… खोकला. पुढची… पाढे. पुढची…

तो चाचपडत सरकत राहिला. आणि इथे त्याला कळलं, मुलांनो, की आपण काय करून बसलोय. बायकोचा आवाज आठवत नाही, म्हणून तर तो शोधायचा. आणि आठवत नाही, तर ओळखायचा कसा?

दाराजवळच, खालच्या फळीवर, स्वेटराशेजारी एक रिकामी जागा होती. टोक टेकवलं. एक बाई हाक मारत होती.

"कानसेन… कानसेन, उठा ना."

मिस्त्री थबकला. त्याला गंमत वाटली म्हणे. काय एकेक नावं ठेवतात लोक! कुणाचं असेल कोण जाणे.

तो पुढे सरकला…

बाहेर बसचा हॉर्न वाजला. अगदी आतल्या कोपऱ्यात, उंच फळीवर, आणखी एक आवाज होता. थकलेला. कधीपासून हाक मारत असेल कोण जाणे.

"अहो… अहो, ऐकता ना?"

बायको नवऱ्याला अशीच हाक मारते. हीच. त्यानं पेचकस तिथेच दाबून धरला. लोखंड गार पडत गेलं. मूठ गार पडली. आणि त्यानं टोक फळीवरून उचललं, तरी…

"अहो… ऐकता ना?"

आवाज मुठीत आला होता.

बसमध्ये बसल्यावर मिस्त्री रडला. ऑगस्टपासून पहिल्यांदा. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याला घेता येईना, इतका रडला. घरी आला तो माणूस होऊन आला. आल्या आल्या माझ्या दुकानात बसून त्यानं मला हे सगळं सांगितलं, फळीफळीनं. त्या 'कानसेन'चं सुद्धा सांगितलं, हसत. मीही हसलो. मला तरी कुठे ठाऊक होतं?

त्यानंतर त्याची झोप पुन्हा गेली, पण आता त्याला त्याचं दुःख नव्हतं. रात्री टोक कशालाही न टेकवता नुसती मूठ कानाला लावायचा आणि हलकेच "ओ" द्यायचा. एका रविवारी त्यानं लेकीला समोर बसवलं. "तुझ्या आईची हाक सापडली," म्हणाला, आणि मूठ तिच्या कानाला लावली.

लेकीनं ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "आईच."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. स्टुलावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"काका, ती आई नाही."

मी हातातला पाना थांबवला.

"कुठली तरी दुसरीच बाई आहे. आई त्यांना अहो कधी म्हणालीच नाही. मी बाबांना विचारलं, आई तुम्हाला काय म्हणायची? तर म्हणाले, 'अहो म्हणायची. सगळ्या बायका म्हणतात तसं.'" तिनं ओढणी सोडली. "आई त्यांना कानसेन म्हणायची, काका."

तेव्हा मला ते नाव पहिल्यांदा कळलं. म्हणजे दुसऱ्यांदा. माझ्या हातातला पाना खाली पडला. मग फळीवरचं जे काही मला माहीत होतं, ते मी तिला सांगितलं.

ती त्याच आठवड्यात तिथे गेली. मालकीणबाईंनी तिला बसवलं, खाऊपिऊ घातलं, पाठीवरून हात फिरवला, आणि किल्ली काही दिली नाही. "ज्याचं त्यानंच न्यायचं, बाळा. त्यांना पाठव." लेकीनं घरी येऊन बापाला आडून आडून सुचवलं, चला ना बाबा, पुन्हा एकदा जाऊन येऊ. मिस्त्री म्हणाला, "कशाला गं? माझं तिथे काय राहिलंय?" तिनं पुढे विषय काढला नाही. मीही नाही. तीन वर्षं तो दुसऱ्याच कुणाच्या बायकोला "ओ" देत राहिला, आणि लेक शेजारच्या खोलीत ते ऐकत राहिली. काय करायला हवं होतं तिनं? तुम्हाला सुचलं तर मला सांगा. मला अजून सुचलेलं नाही.

मागच्या वर्षी मिस्त्री गेला. झोपेत गेला, पेचकस कानाशी. लेकीनं तो कपड्यात गुंडाळून माझ्याकडे आणून दिला. "घरात नको वाटतो, काका. टाकवतही नाही."

हा बघा. हात लावायचाय? लावा. नुसता पेचकसच आहे, चावत नाही.

पण त्याआधी एवढं ऐका. त्या घरात 'कानसेन' हा शब्द आई गेल्यापासून लेकीनं एकदाही उच्चारला नव्हता. मिस्त्रीच्या लेखी तर ते कुणा परक्याचं नाव, तो घरात कशाला काढेल! मी कधी काढला नाही. आणि ज्या रात्री तो गेला, त्या रात्री लेकीनं पेचकस त्याच्या बोटांतून सोडवून स्वतःच्या कानाला लावला होता. मी रोज लावतो. आवाज बदललेला नाही. लेक शपथेवर सांगते, तिच्या आईचा नाही. तीच परकी बाई, तोच थकलेला आवाज.

पण त्या रात्रीपासून ती 'अहो' म्हणत नाही…

"कानसेन," म्हणते. "कानसेन, उठा ना."